मागच्या ड्रमचं नेमकं बिघडलंय काय?

आमच्या नोव्हायच्या मराठी गोतावळ्यात एक काका आहेत. मुलं कॉलेजला गेल्यावर त्यांनी हौसेने एक जुनी पिकअप घेतली, १९९० च्या दशकातली. काकूंच्या मते ती गाडी म्हणजे ड्राइव्हवेवरचा डाग आहे. पण सप्टेंबर आला आणि गणपतीचं मखर, स्पीकर, सतरंज्या स्टोरेजमधून शाळेच्या हॉलपर्यंत न्यायची वेळ आली की सगळ्यांना काकांचीच आठवण येते, म्हणून ती अजून टिकून आहे.

मार्चमध्ये त्यांचा फोन आला. "अगं, तू ब्रेकवाली ना? मागचे ड्रम काढून डिस्क बसवायचे म्हणतोय. तयार किट मिळतं. एका वीकेंडचं काम आहे. बसवू ना?"

ब्रेकवाली हे खरं. माझी पीएचडी घर्षणावर आहे आणि सध्याचं कामही ब्रेकच्या पॅडमध्ये काय काय मिसळायचं याच्याच भोवती फिरतं. इकडे डेट्रॉईटच्या आसपास माझ्यासारखे पुष्कळ सापडतील. प्लिमथ, फार्मिंग्टन हिल्स, लिव्होनिया अशी आमची शेजारची गावं ब्रेक बनवणाऱ्या कंपन्यांच्या ऑफिसांनी भरलेली आहेत. तर मी म्हणाले, "काका, नका बसवू." त्यावर आमचा अर्धा तास वाद झाला. तो वाद इथे नीट मांडते आहे, कारण त्यानंतर हाच प्रश्न मला आणखी दोघांनी विचारला. माझं मत आधीच सांगून टाकते. बहुतेक पिकअपवाल्यांसाठी हा बदल म्हणजे चुकीच्या जागी घातलेला पैसा आहे. आणि तो अर्धवट केला तर गाडी आधीपेक्षा धोकादायक होते.

काकांचा पहिला मुद्दा होता की ड्रम हे जुनं तंत्रज्ञान आहे. गंमत म्हणजे दोन्हींचं वय सारखंच आहे. लुई रेनोचा ड्रम ब्रेक १९०२ चा, आणि फ्रेडरिक लँचेस्टरने इंग्लंडमध्ये डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं तेही १९०२ मध्येच. डिस्कचं नाव झालं ते १९५३ मध्ये, जॅग्वारने डनलॉपच्या डिस्क लावून ल मान्सची शर्यत जिंकली तेव्हा. पुढच्या चाकांवर डिस्क येणं हा मोठा सुधार होता, यात वादच नाही. प्रश्न मागच्या चाकांचा आहे.

मागची चाकं ब्रेक लावताना करतात तरी किती काम? एक ढोबळ हिशोब करू. पिकअपचं वजन २,००० किलो धरा. रिकामी उभी असताना त्यातलं ४२ टक्के, म्हणजे ८४० किलो, मागच्या चाकांवर असतं. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ३.५ मीटर, आणि गुरुत्वमध्याची उंची ०.७ मीटर. आता कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला आणि गाडी गुरुत्व त्वरणाच्या ०.८ पट वेगाने मंदावू लागली, तर ०.८ गुणिले ०.७ भागिले ३.५, म्हणजे वजनाचा ०.१६ हिस्सा मागून पुढे सरकतो. ३२० किलो! मागच्या चाकांखाली उरले फक्त ५२० किलो, म्हणजे एकूण वजनाच्या २६ टक्के. एसटीत उभं राहून प्रवास केलेल्या प्रत्येकाला हे पायांतून माहीत आहे. ड्रायव्हरने ब्रेक मारला की आपला सगळा भार पुढच्या पायावर येतो आणि मागची टाच उचलली जाते.

चाक जमिनीला किती घट्ट धरून ठेवतं ते त्याच्यावरच्या भारावर ठरतं. त्यामुळे मागे कितीही भारी ब्रेक लावा, ती चाकं थांबवण्याच्या कामात साधारण पाव वाटाच उचलू शकतात. त्याहून जास्त जोर लावला तर चाक घसरतं. ताशी ६० मैलांवरून कोरड्या रस्त्यावर थांबायला या गाडीला निदान ४६ मीटर लागणार, आणि हा आकडा टायर आणि रस्ता मिळून ठरवतात. तुमचे आत्ताचे ब्रेक चाक घसरायच्या बेतापर्यंत आणू शकत असतील, तर त्याहून ताकदीचा ब्रेक बसवून एक फूटही वाचणार नाही. चांगले टायर घेतले तर मात्र वाचेल.

आता ड्रमच्या आत काय चालतं ते बघू, कारण खरी मजा तिथे आहे. डिस्क ब्रेकमध्ये दोन पॅड फिरत्या चकतीला दोन्ही बाजूंनी चिमटतात. जितकं दाबाल तितकं घर्षण, हिशोब सरळ. ड्रममध्ये अर्धगोल शू आतून बाहेर ढकलले जातात. यातला जो शू फिरण्याच्या दिशेला तोंड करून असतो, त्याला फिरणारा ड्रम स्वतःच आणखी आत ओढून घेतो. म्हणजे घर्षणामुळे दाब वाढतो, दाबामुळे घर्षण वाढतं, त्याने पुन्हा दाब. दाराखाली लाकडी पाचर सारली की दार ढकलावं तशी ती घट्ट होत जाते, तसंच काहीसं. अनेक अमेरिकन पिकअपमध्ये तर एक शू दुसऱ्याला ढकलतो अशी रचना असते. त्यामुळे व्हील सिलिंडरने लावलेल्या जोराच्या चार-पाच पट पकड सहज मिळते. डिस्कमध्ये हाच आकडा एकाच्याही खाली असतो, साधारण ०.७ ते ०.८.

थोडक्यात, पायाच्या तेवढ्याच जोरावर ड्रम जास्त पकडतो. मग डिस्क चांगली का म्हणायची? कारण या स्वतःला ओढून घेण्याची किंमत मोजावी लागते. समजा पॅड किंवा लायनरचा घर्षणांक कशाने तरी १० टक्के वाढला; सकाळचा दमटपणा, हलका गंज, काहीही. डिस्कची पकड १० टक्केच वाढेल. ड्रममध्ये तो वाढलेला भाग फिरून फिरून मोजला जातो. निम्मा जोर घर्षणातून आणि निम्मा पायातून येत असेल अशा शूची पकड त्याच १० टक्क्यांमुळे २२ टक्के वाढते. घर्षण कमी झालं तर पकड तशीच वेगाने ढासळते. पावसाळ्यात बाबांच्या बजाज चेतकचा ब्रेक कधी लागायचाच नाही आणि कधी असा लागायचा की मागे बसलेली मी त्यांच्या पाठीवर आदळायचे, त्याचं एक कारण मला पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी कळलं. डिस्कचा मोठा गुण हा की ती आज, उद्या, ओली, कोरडी, बरीचशी एकसारखी वागते. शिवाय उघडी असल्याने लवकर गार होते. तापल्यावर ड्रम फुगून शूपासून दूर जातो, तशी अडचण तिला नाही.

हे सगळं काकांना पटलं, आणि ते म्हणाले, "म्हणजे डिस्कच चांगली. मग बसवू?"

इथे खरी मेख आहे. ब्रेक हा सुटा भाग नसतो. तुमच्या पावलापासून चारही टायरपर्यंतची सगळी साखळी एकमेकांच्या हिशोबाने बांधलेली असते. ड्रम स्वतःच पकड वाढवतो, म्हणून त्याच्या व्हील सिलिंडरचा व्यास जेमतेम २२-२४ मिलिमीटर चालतो. डिस्कला ती मदत नाही, म्हणून कॅलिपरचा पिस्टन ५० मिलिमीटरच्या आसपासचा लागतो. क्षेत्रफळ साडेचार-पाच पट. तेवढ्या पिस्टनला हलवायला जुन्या मास्टर सिलिंडरमधून ब्रेक ऑइल पुरेसं जाईल का, पेडल किती खाली जाईल, हे तपासावं लागतं. जुन्या गाड्यांत ड्रमच्या वाटेवर थोडासा दाब कायम अडवून ठेवणारी एक झडप असते. ती राहिली तर डिस्कचे पॅड सतत घासत राहतात. काकांच्या गाडीत फक्त मागच्या चाकांना एबीएस आहे, आणि त्याचं वागणं ड्रमच्या प्रतिसादावर बसवलेलं आहे. त्याला डिस्कची सवय कोण लावणार? हँडब्रेकचं काय? स्वस्त किटांपैकी काहींत हँडब्रेकची सोयच नसते. आणि या सगळ्यांहून महत्त्वाची ती मागचा दाब मर्यादित ठेवणारी झडप. ती असते कारण पिकअपचं मागचं वजन एकसारखं नसतंच. कोरड्या रस्त्यावर रिकामी गाडी जोरात थांबवताना मागे २६ टक्के असतं, बर्फावर हळूहळू थांबताना ४० टक्के, आणि मागे वाळूची पोती टाकली की आणखी जास्त. त्यामुळे काही पिकअपमध्ये अ‍ॅक्सल किती दबला आहे ते पाहून दाब बदलणारी झडपही असते.

या झडपेची गोष्ट मला जरा जवळून माहीत आहे. मी पीएचडी करत होते तेव्हा लॅबमधल्या एका मित्राकडे १९७० च्या दशकातली पिकअप होती, आणि तिला मागे डिस्क बसवल्याचा त्याला फार अभिमान होता. नोव्हेंबरची रिमझिम, मागे ट्रक रिकामा, आम्ही दोघं जेवायला चाललो होतो. सिग्नल पिवळा झाला, त्याने ब्रेक दाबला, आणि मला बाजूच्या खिडकीतून सिग्नल दिसायला लागला. मग मागच्या काचेतून. गाडी उलट्या तोंडाने थांबली. मागे कोणी नव्हतं म्हणून आज हे लिहिते आहे. नंतर खाली वाकून पाहिलं तर कॅलिपर दुसऱ्याच एका जड गाडीचे होते, आणि "आता चारही चाकांना डिस्क आहेत, हिची काय गरज" म्हणून मागच्या दाबाची झडप त्याने आतून रिकामी करून टाकली होती. ब्रेक उत्तम चालत होते. मागची चाकं पुढच्यांच्या आधी अडकत होती, एवढंच.

मागची चाकं आधी अडकली की काय होतं, ते घरी करून बघा, मुलांनाही आवडेल. एक खेळण्यातली मोटार घ्या. तिची मागची दोन चाकं चिकटपट्टीने जखडा आणि गुळगुळीत फळीच्या उतारावरून सोडा. ती गर्रकन फिरून पाठमोरी खाली येईल. आता पट्टी काढून पुढची चाकं जखडा. ती सरळ घसरत येईल. घसरणारं चाक कुठल्याही दिशेला सारखंच घसरतं, त्याला बाजूला सरकण्यापासून रोखता येत नाही. पुढची चाकं अडकली तर स्टिअरिंग जातं, पण फिरणारी मागची चाकं गाडीला सरळ धरून ठेवतात. मागची अडकली तर ती बाजूला सरकायला मोकळी होतात आणि मागचा भाग पुढे यायला बघतो. म्हणून कारखान्यातून येणाऱ्या गाडीत पुढचे ब्रेक आधी हद्दीला पोचतील असाच तोल ठेवलेला असतो. नोव्हायपासून जवळच, मिलफर्डला, जनरल मोटर्सचा चाचणीचा मोठा परिसर १९२४ पासून आहे. एका गाडीचा हा तोल बसवायला अशा ठिकाणी माणसं किती खपतात ते मी पाहिलंय. २००२ च्या सप्टेंबरनंतर बनलेल्या हलक्या ट्रकांना जो केंद्रीय नियम लागू होतो, त्यात चाकं कोणत्या क्रमाने अडकतात याची चाचणी आहे, आणि हँडब्रेकने २० टक्के चढावर गाडी ५ मिनिटं धरून ठेवली पाहिजे अशीही अट आहे. आपण गॅरेजमध्ये बदल केल्यावर यातलं काहीच कोणी तपासत नाही. मिशिगनमध्ये तर दरवर्षी गाडीची सुरक्षा तपासणी करून घ्यायची सक्तीही नाही.

कोणी म्हणेल, कंपन्या पैसे वाचवायला ड्रम लावतात. वाचवतात, हे खरंच आहे. पण इथे एक मजेदार दाखला आहे. १९९९ च्या शेव्हरले सिल्व्हराडोला चारही चाकांना डिस्क होत्या. २००५ च्या मॉडेलपासून बहुतेक १५०० गाड्यांना मागे पुन्हा ड्रम आले, आणि २०१४ मध्ये परत डिस्क. टोयोटा टॅकोमाने मागचे ड्रम २०२३ पर्यंत ठेवले. या सगळ्या गाड्या सुरक्षेच्या नियमांत बसत होत्या. माझ्यासारख्या घर्षणवाल्यांना त्याहून रस वाटावा अशी गोष्ट युरोपात घडते आहे. फोक्सवॅगनच्या आयडी.३ आणि आयडी.४ या विजेच्या गाड्यांना मागे ड्रम आहेत! विजेची गाडी बराच वेग मोटरनेच कमी करते, त्यामुळे मागचे ब्रेक रिकामे बसून असतात. उघडी डिस्क अशी बसून राहिली की गंजते. बंद ड्रममध्ये तो त्रास कमी. शिवाय ड्रम आपली झीज पोटातच ठेवतो. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या युरो ७ नियमांत पहिल्यांदाच ब्रेकच्या धुळीवर मर्यादा आली आहे, विजेच्या मोटारीसाठी किलोमीटरमागे ३ मिलिग्रॅम आणि बहुतेक इतर मोटारींसाठी ७. ज्याला काका जुनाट म्हणत होते त्यावर माझ्या क्षेत्रातले लोक आज नव्याने काम करताहेत. (जाता जाता: जुन्या ड्रममध्ये साचलेली ती धूळ कंप्रेसरची हवा मारून उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं.)

गंजाचा विषय निघालाच आहे तर आमच्या मिठाबद्दल सांगते. डेट्रॉईट शहराच्या पोटात अकराशे फुटांहून खोल मिठाची खाण आहे आणि तिथलं मीठ हिवाळ्यात रस्त्यांवर पडतं. मग ते आपल्या गाडीखाली चढतं. ड्रमच्या बाबतीत ते काय करतं? शू झिजेल तसा त्याला बाहेर सरकवत राहणारा एक छोटा दातेरी स्क्रू असतो. काकांच्या गाडीसारख्या रचनेत तो रिव्हर्समध्ये ब्रेक दाबल्यावर आपोआप फिरतो. गंजून अडकला की शू आणि ड्रममधली फट वाढत जाते, पेडल खोल जाऊ लागतं, हँडब्रेक सैल पडतो, आणि माणूस म्हणतो, "ड्रम बेकार असतात." काकांची तक्रार शब्दशः हीच होती. तो स्क्रू काही डॉलरचा असतो.

त्याहून गंभीर म्हणजे ब्रेक ऑइलच्या पोलादी नळ्या. मीठ त्यांना बाहेरून कुरतडतं, आणि त्या फुटतात त्या नेमक्या जोरात ब्रेक दाबल्यावर, कारण सगळ्यात जास्त दाब तेव्हाच असतो. १९९९ ते २००३ या काळातल्या जनरल मोटर्सच्या पिकअप आणि एसयूव्हींच्या गंजलेल्या नळ्यांची केंद्रीय रस्ते सुरक्षा संस्थेने चौकशी केली होती. २०१५ मध्ये ती रिकॉलशिवाय संपली, आणि मालकांना सल्ला मिळाला की गाडीचा तळ धुवा, नळ्या तपासून घ्या. आता विचार करा, त्या काळातल्या सिल्व्हराडोला मागे डिस्कच होत्या. नळी फुटली की डिस्क काय नि ड्रम काय! तांबे-निकेल मिश्रधातूच्या नळ्या मिठाला कितीतरी जास्त टिकतात, आणि मिशिगनमधल्या जुन्या गाडीवर पैसे घालायचेच असतील तर माझ्या यादीत त्या सगळ्यात वर आहेत. मग टायर. मग ब्रेक ऑइल बदलणं. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ प्रकारच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू निदान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, ओलं झाल्यावर १४० पर्यंत उतरलेला चालतो. बऱ्याच गाड्यांत ते वर्षानुवर्षं तसंच असतं.

मग डिस्कचा हट्ट कधीच बरोबर नाही का? आहे. ट्रेलर ओढत डोंगर उतरणाऱ्याचं प्रकरण वेगळं. ताशी ७० मैलांवरून एकदा थांबताना आपली २,००० किलोची पिकअप जेवढी उष्णता तयार करते, तेवढीत साधारण तीन लिटर पाण्याला उकळी येईल. मंडळाच्या चहाचं एक छोटं पातेलं. त्याच गाडीला तितक्याच वजनाचा ट्रेलर जोडून ५०० मीटर उंचीचा घाट नुसत्या ब्रेकवर उतरलात तर अशी वीस पातेली, आणि मधे गार व्हायला उसंत नाही. इथे ड्रम हरतो. कोलोरॅडोत पाइक्स पीकवरून उतरताना ग्लेन कोव्हला गाडी थांबवून ब्रेक किती तापलेत ते मोजतात, ते उगाच नाही. पण तिथेही पहिला उपाय तोच, जो खंडाळ्याच्या घाटात ट्रकवाले करतात: खालचा गिअर टाकायचा आणि इंजिनला काम करू द्यायचं. एवढं करूनही गरज असेल, तर त्याच मॉडेलच्या डिस्कवाल्या गाडीचा आख्खा संच घ्यावा, मागचा अ‍ॅक्सल, कॅलिपर, मास्टर सिलिंडर, झडप, हँडब्रेकची केबल सगळं त्याच गाडीचं. त्याचा तोल कोणीतरी मोजलेला असतो. नुसतं दिसायला छान म्हणून किट लावायचं तर ते एक प्रकारचं मखरच झालं.

एप्रिलच्या एका शनिवारी काकांनी गाडी जॅकवर चढवली आणि मी कॅमेऱ्यातून सूचना देत बसले. डाव्या ड्रमचा तो स्क्रू पूर्ण जाम निघाला, उजवा कसाबसा फिरला. मागच्या अ‍ॅक्सलवरची नळी अशी फुगली होती की काकांनी नखाने खरवडली तर पापुद्रा निघाला. ती बघून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. त्या गाडीत ते नातीला पार्कात घेऊन जातात. नळ्या एका मेकॅनिकने बदलून दिल्या, शू आणि स्क्रू काकांनी स्वतः बसवले, आणि रिव्हर्समध्ये ब्रेक दाबत दाबत त्यांनी सबडिव्हिजनच्या रस्त्यावर आठ-दहा चकरा मारल्या. शेजाऱ्यांनी काय विचार केला असेल देव जाणे. आता पेडल वरच लागतं आणि हँडब्रेक उतारावर गाडी धरतो.

काकूंची अट एकच आहे की किटचे वाचलेले पैसे टायरवर जावेत. काका म्हणतात, गणपती होऊ दे.